पाणी लागू नये म्हणणारा पाव्हणा

कुरुंद्यात शेजाऱ्याची पोरगी बघायला एक पाव्हणा आला होता. त्याचं नाव आता ध्यानात न्हाई. माझी बायको नुकतीच गेली होती, कुठं मन लागत नव्हतं. पण वडीलधारा म्हणून मलाबी बैठकीत बसवलं. पाव्हणा मोठ्या मशीनच्या आवाजात काम करून करून ओरडूनच बोलायचा.

"मी समुद्रात विहीर पाडतो!"

सगळ्यांचे पोहे हातातच राहिले. पोरीच्या बापानं विचारलं, "पाणी लागलं का?"

"लागू नये, मामा! पाणी लागलं की मेहनत वाया. तेल पायजे."

आमच्याकडं बोअरला पाणी लागावं म्हणून नारळ फोडतात!

"मंग तेल लागलं न्हाई?"

"लागलंय की! किती लांब पसरलंय ते बघायला बाजूला दुसरी पाडून राहिलो." त्यानं पोह्यात बोटानं दोन भोकं पाडून दाखवली.

बाप माझ्या कानाशी लागला, "येडं दिसतंय. त्यात महिन्यातले पंधरा दिवस समुद्रात. द्यावी का पोरगी?"

मी मोठ्यानंच म्हणलं, "द्या. पंधरा दिवसांनी परत येतो ना? गेलेलं माणूस परत येतं, अजून काय पायजे तुमाला?"

मग बापानं आतून साखर मागवली.