लॅपटॉपची पूजा

परवा अचानक लातूरला जाऊन आलो. लेकीचा लॅपटॉप चालू होईना…

वैष्णवी तिथं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. दसऱ्याला मुखेडला घरी आली होती. परत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. आवाजावरूनच कळलं, पोरीचं रडून झालंय.

बटण दाबलं की लॅपटॉप टी टी टी करायचा आणि एक निळा पडदा यायचा. त्यातून बाहेर पडलं की परत तोच पडदा. कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचं होतं दुसऱ्या दिवशी, आणि सुट्टीत घरी बसून केलेलं सगळं काम त्यातच अडकलेलं. पेनड्राइव्हवर होतं ते जुनं, अर्धवट.

मी शाळेत मराठी शिकवतो. मला त्यातलं काय कळणार? तरी तोंडातून "येतो" निघून गेलं. हिनं घाईघाईत चार धपाटे बांधून दिले, मी रजा टाकली आणि एस.टी. धरली.

रस्ताभर नाम घेत होतो… पण मन मधेच निसटायचं आणि त्या न पाहिलेल्या निळ्या पडद्यावर जाऊन बसायचं.

वैष्णवी लॅपटॉप घेऊन स्टँडवरच आली होती, तिथून आम्ही थेट दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चालू करून बघितला, बंद केला. "मदरबोर्ड असू शकतो. नाहीतर फॉरमॅट मारावं लागंल. ठेवून जा, चार दिवसांनी बघू." फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणं, हे वैष्णवीनं मला लॅपटॉप परत घेऊन बाहेर आल्यावर सांगितलं. सांगतानाच तिचे डोळे भरले.

जवळ मारुतीचं छोटं देऊळ होतं. कट्ट्यावर बसलो. धपाटे पुढं केले तर नको म्हणाली. "रडू नको माय," एवढंच मला म्हणता आलं. ह्याच पोरीला पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवायला लावलं होतं. आता तिच्या अडचणीचं नावसुद्धा मला नीट घेता येईना…

तिनं उगाच परत लॅपटॉप उघडला. आणि मला दिसलं, बटणांच्या खालच्या मोकळ्या जागेत कुंकवाचं बोट होतं. माझंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, मोटारसायकल, हिची शिलाई मशीन, माझी भजनाची पेटी. यंदा मी लॅपटॉपही पाटावर मांडायला लावला, तोही झाकण उघडून. देवासमोर तोंड झाकून कसं बसायचं! वैष्णवी ओरडत होती, "पप्पा, बटणावर नका ना टाकू काही!" आणि तिची आई म्हणत होती, "टाकू दे गं, वर्षाचा सण हाय." पूजेनंतर झाकलेला लॅपटॉप तिनं थेट होस्टेलवरच उघडला होता.

इतकी ओरडली होती… पण ते बोट तिनं पुसलं नव्हतं.

लॅपटॉप पुन्हा टी टी टी करायला लागला. ऐकता ऐकता मला आमची पेटी आठवली. कधी कधी भजन संपतं, बोटं उचलली जातात, तरी एक सूर लागूनच राहतो. पट्टीखाली काहीतरी अडकलेलं असतं. कुणी दाबलेली नसताना पट्टी दाबलेलीच राहते.

मी भीत भीत म्हणालो, "ह्याचीही एखादी पट्टी दाबून राहिली असंल का गं?"

"पप्पा, ही पेटी नाहीये," ती म्हणाली. आणि मग एकदम बटणांवर वाकली.

वरच्या ओळीतलं एक बटण तिनं हळूच दाबून बघितलं. ते खाली जाईनाच, आधीच खाली बसलेलं. नंतर तिनं सांगितलं, सुरू होताना तेच बटण दाबलं की तो निळा पडदा येतो. मशीनला वाटत होतं, हिला सारखा तोच पडदा बघायचाय…

तिनं लॅपटॉप बंद केला, उपडा धरला, मागून थोपटलं. मग केसातली पिन काढून बटणाच्या कडेनं फिरवली.

तांदळाचा एक दाणा तिच्या ओढणीवर पडला. कुंकवानं लाल झालेला.

मला तर कुठं तोंड लपवू असं झालं. दुकानात हेलपाटा, पोरीचं रडणं… सगळं माझ्या अक्षतेपायी! ती आता काय म्हणंल, ते ऐकायची तयारी करून मी खाली बघत बसलो.

तिनं चालू करायचं बटण दाबलं. आवाज नाही, निळा पडदा नाही. तिचा नेहमीचा फोटो आला, आम्हा घरच्या सगळ्यांचा, शेतातला. प्रोजेक्टही जागच्या जागी होतं. आणि मग वैष्णवी हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पप्पा, लई जोरात आशीर्वाद दिला होता तुम्ही!"

मीही हसलो. मग तिनं चारही धपाटे संपवले, मला विचारलंसुद्धा नाही.

निघताना बघितलं, तो दाणा तिनं कपाळाला लावून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवला. म्हणाली, "पुढच्या खंडेनवमीलाही मांडायचा बरं का… फक्त झाकण लावून."

काल दुपारी तिचा मेसेज आला, प्रोजेक्ट चांगलं झालं. मी देवासमोर दिवा लावला. अक्षता वाहताना हात आपोआप थांबला, आणि चिमटीतले दाणे कमी करून दोनच ठेवले… पोरीपर्यंत तेवढेही पोचतात, हे आता मला ठाऊक आहे.