दूधकट्ट्यावरचा फेस

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर आमच्या गल्लीतले एक काका रोज भेटतात. धारोष्ण दुधाचा ग्लास थरथरत्या हातात धरून म्हणतात, "फेस म्हशीचा न्हाय, माझ्या हाताचा हाय!" पार्किन्सननं त्यांचा आवाजही पार बारीक केलाय, आणि कोल्हापुरात हळू बोलणारा माणूस म्हणजे पुण्याचा पाहुणा, त्याचं कोण ऐकतंय? कट्ट्यावरची मंडळी आधी हसतात, मग ओरडून उपदेश करतात, "टेन्शन घ्यायचं न्हाय, काका!"

परवा ते काहीतरी पुटपुटले. नेहमीचा विनोद समजून सगळे खदखदून हसले. शेजारी बसल्यानं मला मात्र नीट ऐकू आलं, "सकाळी उठायचं भ्या वाटतंय बघ." मी वळून त्यांच्याकडं बघितलं. तसं माझ्या मांडीवर चापट मारत म्हणाले, "हास की लेका! ह्यास्नी कळलं, तर परत उपदेश सुरू हुईल."