पप्पांची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दृढीकरणाचा, म्हणजे मुलांना मोठ्यांसारखं प्रभुभोजनात घेण्याआधीचा, वर्ग पप्पाच घ्यायचे. जळगावातली ती मंडळी लहान होती, तीस-पस्तीस घरांची. रविवारची उपासना संपली की मोठी माणसं बाहेर झाडाखाली बोलत उभी राहायची आणि आम्ही सहा-सात मुलंमुली आतल्या बाकांवर पप्पांसमोर बसायचो. पप्पा शहरातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत, त्यामुळे बायबलमधल्या दहा आज्ञाही ते गणितासारख्याच शिकवायचे. आधी वचन, मग त्याचा अर्थ, मग घरातलं एखादं उदाहरण. मी तेव्हा आठवीत होते. ऐंशीचं दशक अर्धं उलटलं होतं.

त्या रविवारी नववी आज्ञा होती, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची. पप्पा म्हणाले, "ही आज्ञा फक्त कोर्टाची नाही. आपण कुणाबद्दल काही सांगतो, ती प्रत्येक वेळी साक्षच असते."

आदल्याच दिवशी मी घरात एक उद्योग केला होता. लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा मी आईला ठासून सांगितलं होतं की धाकट्या बहिणीने फोडली, मी पाहिलं. खरं तर मी मागच्या दारी होते, नुसता आवाज ऐकला होता. म्हणून मी विचारलं, "पप्पा, तिनेच केलं अशी खात्री असेल, पण डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर 'पाहिलं' म्हटलेलं चालतं का?"

पप्पांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण ते म्हणाले, "नाही चालत," आणि वर्ग तिथेच सोडला.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. पप्पा मंडळीचे 'वडील', म्हणजे निवडलेल्या कारभाऱ्यांपैकी एक, भाकरीचं ताट फिरवायचं काम त्यांचं. पण ते उठले नाहीत. ताट दुसऱ्यांनी फिरवलं, आणि आमच्या बाकाशी आलं तेव्हा पप्पांनी मान हलवून ते पुढे जाऊ दिलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मी आईकडे.

त्याच संध्याकाळी मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, सायकलवरून पिंप्राळ्याला आमच्या घरी आले. आईने चहा ठेवला. पप्पांनी मला आत पाठवलं नाही. म्हणाले, "हिला बसू द्या. प्रश्न हिचाच होता."

मग त्यांनी सांगितलं. एप्रिलमध्ये त्यांच्या शाळेत परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचं एक पाकीट फोडलेलं सापडलं होतं. कपाट पप्पांच्या ताब्यात असायचं. हेडमास्तरांनी विचारलं, तेव्हा पप्पांनी शिपायाचं नाव घेतलं. त्याला पाकीट हातात घेऊन कपाटापाशी उभं असलेलं पाहिलं, असं सांगितलं, आणि तसं लिहूनही दिलं. शिपायाला कामावरून काढलं.

"आणि तुम्ही काय पाहिलं होतं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"तो कपाटाच्या खोलीतून बाहेर पडताना दिसला होता. झाडू होता हातात. बाकीचं मी मनाने जोडलं. त्यानेच केलं असणार अशी खात्री होती. आणि..." पप्पा अडखळले. "आणि संशय माझ्यावर यायला नको होता."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कपबशा तशाच. इतके महिने हे तिलाही माहीत नव्हतं.

पाळकसाहेब म्हातारे होते, हळू बोलायचे. ते म्हणाले, "अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर काय करायचं, हे तुम्हीच पोरांना शिकवता ना? अर्पण तिथेच ठेवायचं आणि आधी जायचं. तुम्ही आज भाकरी सोडलीत, म्हणजे अर्पण ठेवलंत. पण गेलात कुठे?"

त्या शनिवारी आम्ही एसटीने फैजपूरला गेलो; काम गेल्यावर शिपाई तिकडे आपल्या गावी परतला होता. पप्पांनी मला सोबत का घेतलं, ते मी विचारलं नाही. फैजपूरहून पुढे तीनेक किलोमीटर चालत जायचं होतं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये चिखलाची वाट. पप्पा एकदाच बोलले, "माझे आजोबा अशाच वाटेने लोकांच्या शेतावर कामाला जायचे. त्यांच्यावर कुणी काहीही आळ घेतला तरी तो खराच धरला जायचा. ते मी लहानपणी ऐकलंय, आणि तरी मी हे केलं."

शिपायाचं घर वस्तीच्या टोकाला होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर ताजी फुलं. तो तेव्हा केळीच्या ट्रकवर हमाली करत होता. खांद्यावर घड वाहून वाहून मानेजवळची कातडी काळी पडली होती. त्याची बायको पप्पांना ओळखून म्हणाली, "आता कायले आले?"

पप्पा उभ्यानेच बोलले. त्यांनी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. शेवटी म्हणाले, "मी तुम्हाला पाकीट घेऊन पाहिलं नव्हतं. मी खोटं बोललो. मला माफ करा." एका शिपायाला पप्पा अहो-जाहो करताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तो माणूस खाटेवर बसून ऐकत होता. रागावला नाही. ते जास्त कठीण होतं. तो म्हणाला, "सर, बारा वर्षं मी त्या शाळेची घंटा वाजवली. एवढ्या वर्षांत खडूचा तुकडा घरी आणला नाही. मले चोर कुठं म्हटलं तुमी? हेडमास्तरांच्या खोलीत. अन् माफी कुठं मागता? इथं, माह्या घरात, जिथं कोनी ऐकत नाही."



"जिथं बोलले तिथं जाऊन बोला," तो म्हणाला. "मंग पाहू."

त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. पप्पांना दिलं नाही, आणि पप्पांनी मागितलंही नाही.

सोमवारी पप्पांनी हेडमास्तरांना भेटून आधीची साक्ष खोटी असल्याचं लिहून दिलं. नंतर मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्या शिक्षकांसमोर उभे राहून तेच तोंडी सांगितलं. हे आम्हाला त्यांनी नाही, त्यांच्या एका सहकाऱ्यांनी घरी येऊन सांगितलं. ते चिडलेले होते. "काय गरज होती हो? प्रकरण मिटलं होतं." पप्पा म्हणाले, "त्याचं मिटलं नव्हतं."

पप्पांना त्या वर्षी पर्यवेक्षक करायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. वर्गात काही दिवस फळ्यावर 'साक्षीदार' असं लिहिलेलं असायचं. ते पुसून पप्पा शिकवायला लागायचे. पाकीट कुणी फोडलं, ते कधीच कळलं नाही. शाळेने शिपायाला निर्दोष असल्याचं पत्र दिलं आणि परत बोलावलं. तो आला नाही. नरडाण्याच्या एका कारखान्यात त्याला पहारेकऱ्याचं काम मिळालं, ते पत्र दाखवून. पप्पांनी त्याला दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

एवढं करूनही पुढच्या प्रभुभोजनाला पप्पांनी ताट पुढेच जाऊ दिलं. त्यानंतरच्याही. नाताळ जवळ आला, माझ्या दृढीकरणाचा रविवार ठरला, तेव्हा आई बोलली. ती नर्स होती, फार शब्द वापरायची नाही.

"अजून का थांबलात?"

"त्याने माफ केलं नाही अजून."

"ते त्याच्या हातात आहे. आज करेल, दहा वर्षांनी करेल, कधीच करणार नाही. त्याने माफ केल्याशिवाय देवही करत नाही, असं कुठे लिहिलंय?"

पप्पा उठून जायला लागले.

"पापातून तारण देवाच्या कृपेने होतं, आपल्या कर्माने नाही, हे तुम्हीच पोरांना पाठ करायला लावता. आता तुम्ही स्वतःला शिक्षा करून ते कमवायला बसलात. ख्रिस्ताने वधस्तंभावर केलं ते तुमच्यापुरतं कमी पडलं का? जे चुकले नाहीत त्यांच्यासाठी प्रभुभोजनाचं मेज नाहीच. तसं असतं तर तिथे कोण गेलं असतं?"

पप्पा रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच. मग डोळे पुसून त्यांनी मला हाक मारली आणि नवव्या आज्ञेचा तो अर्धवट राहिलेला धडा आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातच पुरा केला. धाकटीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं की मी काही पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मीच फोडली होती."

दृढीकरणाच्या रविवारी पाळकसाहेबांनी आम्हा मुलांना विश्वासाचे प्रश्न विचारले, आम्ही उत्तरं दिली, त्यांनी डोक्यावर हात ठेवले. त्या दिवशी ताट फिरवत नसत, सगळे पुढे जात; मग पहिल्यांदाच आम्ही मोठ्यांबरोबर मेजापाशी गेलो. पप्पा माझ्या शेजारी गुडघे टेकून होते. त्यांनी भाकरी घेतली.

पुढे लग्नानंतर मी धुळ्याला आले. पप्पा शेवटपर्यंत रोजच्या प्रार्थनेत त्या शिपायाच्या घरच्यांसाठी देवाकडे मागत राहिले. त्याने माफ केलं की नाही, ते आम्हाला माहीत नाही.