जांबोटीची साल आणि विमलआक्काचं औषध

जांबोटीच्या रानात जायचं ठरलं तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. पावसाळी रान, दिवसाला दोनच गाड्या, रस्ता खचला तर? पण मी नाही म्हटलं तरी विमलआक्का एकटी निघालीच असती. ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट.

आक्का माझी थोरली बहीण. आईबाप निपाणीत तंबाखूच्या वखारीत मजूर, मीही सातवीतून तिथेच. आक्का मात्र बेळगावच्या प्रयोगशाळेत झाडांतून औषधं वेगळी काढायची. आमच्या वस्तीतून त्या कामापर्यंत तिच्याआधी कुणी पोचलं नव्हतं. नरक्या नावाच्या झाडाच्या सालीतून कर्करोगावरचं औषध काढायची नवी रीत तिने बसवली होती. पण दोनदा आणलेली साल वाटेतच बुरसली. तिसऱ्यांदा तसं झालं तर काम दुसऱ्याला देणार, असं तिच्या साहेबांनी सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी जांबोटीला उतरून दोन तास चाललो. तुम्ही गेलात तर जळवांसाठी मीठ न्या. मी तंबाखूची पूड नेली होती, तीही चालते. नरक्याच्या झाडाला मात्र हात लावू नका, आता फार थोडी उरलीत. आम्ही परवाना घेऊन गेलो होतो, तरी जंगलखात्याच्या गार्डने एकाच बाजूची साल काढू दिली. रात्री त्याच्याच घरी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत मी सारखं सालीच्या पोत्याचं तोंड सोडून बघत होतो.

"पोत्यात मांजर हाय काय रं आण्णा?" कंडक्टर म्हणाला.

"लहानपणापासनं असाच हाय त्यो," आक्का हसली.

वखारीत पानांची थप्पी आतून तापते का, हे आम्ही हात खुपसून बघतो; तापली की पान बुरसायला लागतं. तसाच हात घातला. आत ऊब होती.

"आक्का, तापलंय."

"तुझं आपलं कायम रडगाणं." तिने हात घातला आणि लगेच पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "बाळू, उतर."

"आता संध्याकाळपातूर गाडी न्हाय," कंडक्टरने बजावलं.

वाटेवरच्या एका शाळेच्या पडवीत साल पसरली. वखारीत पान उलटतो तशी घटकेघटकेला उलटत राहिलो. आक्का माझ्याबरोबर वाकून काम करत होती. संध्याकाळी साल गार, करकरीत झाली. मगच पुढची गाडी धरली.

त्यानंतरचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी आक्काने प्रयोगशाळेत बोलावलं. काचेच्या भांड्याच्या तळाशी औषधाचे फिकट पिवळे, सुयांसारखे बारीक स्फटिक जमले होते. साहेबांनी विचारलं, "यावेळी काय वेगळं केलंत?"

"वाळवायचं काम भावाकडं दिलं," आक्का म्हणाली. काम तिच्याचकडे राहिलं, आणि पुढच्या सगळ्या सालीतून औषध तिच्याच रीतीने काढलं गेलं.

निपाणीला आक्का त्या औषधाची बंद कुपी घेऊन आली. आईने ती उजेडात धरली.

"येवढंच?"

"येवढंच गं आई."

आईने कुपी परत दिली, लुगड्याला हात पुसले आणि वखारीकडे निघाली. तिथल्या बाया रोज विचारायच्या, पोरीचं लगीन कधी. त्या दिवशी आईने कुणाला विचारायची सवड दिली नाही. दारातूनच सांगत गेली, "माझ्या विमलनं औषध काढलंय."