वीस सेकंदांचा अंधार

देवापेक्षा माझा माझ्या यादीवर जास्त विश्वास होता, हे आधीच कबूल करते. नागपूरच्या एका कार्यालयात वीस वर्षं फायली सांभाळल्या, कागदाचा चिटोरा हरवू दिला नाही. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचा नाद लागला, तोही असाच, सगळं लिहून, टिकमार्क करून. बाबांना काचबिंदू झाला आणि उरलेली नजरही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला देवाचा सरळ रागच आला. कळमेश्वरजवळच्या आमच्या गावातून बाबा दर शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडच्या महादेवाला जायचे. चाळीस वर्षं ज्यानं त्याची पायरी सोडली नाही, त्याच्याच डोळ्यांवर घाला? पण बाबांची तक्रार नव्हती, मागणं तेवढं होतं. “तिथून आकाशगंगा दिसते वं. तेवढी एकडाव पाहून घेतली असती.” मी म्हटलं, तुम्ही चढू नका, मी घेऊन येते. बाजारातून भाजी आणते म्हणावं, तितक्या सहज म्हटलं.

खात्री होतीच. शिवरात्रीला चंद्राचा अडथळा नसतो, पहाटे आकाशगंगा चांगली वर येते, हवा कोरडी असते. गावच्या यात्रेकरू भगतांच्या गाडीत बसून मी सातपुड्यात चौरागडला पोचले. ते दर्शनाच्या रांगेकडे गेले आणि मी पायऱ्यांच्या बाजूला एका मोकळ्या खडकावर ट्रायपॉड उभा केला. चार वाजत आले होते. वर आकाशगंगा पसरली होती, दुधाचं बोट ओढल्यासारखी. बॅग उघडली. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायची बोटभर रुंदीची प्लेट नव्हती. ती घरी, जुन्या कॅमेऱ्याच्या बुडाला तशीच राहिली होती. यादीत ‘ट्रायपॉड’ लिहिलं होतं, टिकमार्कही केला होता!

असा फोटो घ्यायला कॅमेरा वीस सेकंद दगडासारखा स्थिर लागतो. दगडावर ठेवला तर घसरायचा, स्वेटरच्या घडीवर ठेवला तर हळूहळू दबायचा, आणि प्रत्येक फोटोत तारे फरफटलेले. त्यात पायऱ्यांवरून बॅटऱ्यांचे झोत. मी दोनदा ओरडले, “लाइट बंद करा!” कोण ऐकतंय? तासाभरात उजाडणार होतं, आणि पुढच्या शिवरात्रीला बाबांची नजर उरणार नव्हती. मी बॅग उलटी करून झटकत होते.

“काहून थैली झटकून राहिली वं बाई?”

साठीच्या एक मावशी माणसाएवढा त्रिशूळ हाताशी धरून उभ्या होत्या. मागे त्यांच्या गावची दहा-बारा माणसं दम खात बसली होती. घरून निघालेला त्रिशूळ देवापाशी पोचेस्तोवर आडवा ठेवायचा नाही, म्हणून विसाव्यालाही तो उभाच. मी चिडचिडत सगळं सांगितलं. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग त्रिशूळाकडे.

“याच्या पात्यात बसते का तुहा कॅमेरा?”

मी चपापले. “मावशी, नवसाचा आहे हा. देवाला वाहायच्या आधी...”

“आभाळ त्याचं, तिरसूळ त्याचा. तुह्या बापाचं काय जाते त्यात?”

“बापासाठीच तर आहे,” मी म्हटलं, आणि इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं.

मावशींच्या गावची माणसं उठून पुढे आली. त्रिशूळ खडकाच्या कपारीत रोवला, बाजूंनी दगड ठोकून पक्का केला. मावशींनी नवसाचं लाल फडकं सोडलं आणि कॅमेरा पात्यांच्या मध्ये करकचून बांधला. मग पायऱ्यांकडे तोंड करून त्या ओरडल्या, “बॅटऱ्या इझवा गा सारे! पोरीच्या बापाले आभाळ दाखवाचं हाये!”

आणि पार खालच्या वळणापर्यंत एकेक दिवा विझत गेला. वीस सेकंद त्या डोंगरावर कोणी पाऊल उचललं नाही. मी हात जोडले होते, हे मला नंतर कळलं.

फोटो स्वच्छ आला. मी माझ्या स्वभावाप्रमाणे भिंतभर मोठा करून घेतला आणि पुन्हा फसले. बाबांना आता नळीतून पाहिल्यासारखं मधलंच दिसतं, एवढं मोठं चित्र त्यांच्या नजरेत मावेना. मग पोस्टकार्डाएवढा छापला. मावशींच्या त्रिशूळाची गोष्ट ऐकून झाल्यावर तो हातभर अंतरावर धरून ते कितीतरी वेळ पाहत राहिले.

“तिरसूळ कुठं दिसून नाही राहिला?”

“फोटोत कसा दिसेल, बाबा? कॅमेरा त्रिशूळावरच होता.”

ते हसले. फोटो कपाळाला लावला. “मंग हे त्यानंच पाह्यलेलं हाये वं. मले त्याच्या डोळ्यानं दाखवलं.”

मावशींचं गाव विचारायचं राहून गेलं. विचारावं हे यादीत कुठं होतं? यादी मी अजूनही करते, फक्त शेवटची ओळ कोरी सोडते. ती भरणारा दुसरा कोणी आहे, आणि त्याच्यावर मी आता रागावत नाही. बाबांना हल्ली काहीच दिसत नाही. तो फोटो मात्र सदऱ्याच्या खिशात असतो, आणि घरी कोणी आलं की ते काढून दाखवतात, वरच्या बाजूचा मुडपून ठेवलेला कोपरा बोटांनी चाचपून, बरोबर सुलटा.