टाचणीबाईंचे सत्तावीस नियम

बाईंना सगळी शाळा पाठीमागे टाचणीबाई म्हणायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं. रागावणं दूरच, त्यांना ते आवडायचं. दर वर्षी पहिल्या दिवशी त्या पर्समधून एक टाचणी काढायच्या, हात खांद्याएवढा उंच करून फरशीवर टाकायच्या आणि शेवटच्या बाकाला विचारायच्या, "आला आवाज?" आला म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा टाकायच्या. तेवीस वर्षं हा प्रयोग चालला. त्यात मुलं विज्ञान किती शिकली ते देव जाणे, गप्प बसायला मात्र चांगली शिकली.

मग शाळेची इमारत दुरुस्तीला काढली आणि वर्ग सहा महिन्यांसाठी पडद्यावर गेले. बाकीच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावला. एकाच्या तासाला कुणाचा तरी कुत्रा भुंकायचा, दुसऱ्याच्या तासाला कुणाचे तरी वडील बनियनवर मागून फिरायचे. मुख्याध्यापकांनी टाचणीबाईंना बोलावून म्हटलं, "बाई, चार नियम लिहून द्या." बाईंनी सत्तावीस दिले.

पहिला नियम, कॅमेरा चालू. दुसरा, गणवेश पूर्ण, म्हणजे पडद्यात न दिसणारा भागसुद्धा. पाचवा, मागे भिंत असावी आणि भिंतीपुढे माणूस नसावा. नववा, लक्ष आहे हे बाईंना कळावं म्हणून दर दोन मिनिटांनी मान डोलवावी. चौदावा, विचारल्याशिवाय माईक चालू करू नये. सतरावा, बाई शिकवत असताना हात वर करून किंवा काही लिहून पाठवून व्यत्यय आणू नये. शंका असल्यास वहीत लिहून ठेवावी. त्या वह्या कधी बघणार, याबद्दल अठ्ठाविसावा नियम हवा होता, पण तो काही निघाला नाही. यादी छापून प्रत्येकाच्या घरी गेली आणि पडद्याशेजारी चिकटवायची सक्ती झाली.

घरातही कायदा लागू झाला. बाईंचे यजमान नुकतेच नोकरीतून मोकळे झाले होते. त्यांची रवानगी वर्तमानपत्रासह बाल्कनीत झाली.

"अगं, मला खोकला आला तर?" त्यांनी विचारलं.

"दार लावून खोका," बाई म्हणाल्या.

हे सगळं कौतुकानं चाललेलं असताना बातमी आली की शिक्षण खात्याचे मोठे साहेब बाईंचा तास बघायला येणार. पर्यवेक्षिकेची जागा रिकामी होती. त्या जागेनं बाईंना याआधी दोनदा हुलकावणी दिली होती, आणि दोन्ही वेळा त्यांच्याहून ज्युनिअर माणूस खुर्चीत बसला होता. या वेळी हुकली असती तर निवृत्तीपर्यंत पुन्हा संधी नव्हती. बाईंनी आठवडाभर आरशासमोर पचनसंस्थेचा धडा घोकला.

तासाला अडतीस चेहरे अडतीस चौकोनांत ताठ बसले होते. मुख्याध्यापक आणि साहेबही आले, पण कॅमेरे बंद ठेवून. त्यांच्या चौकोनांत नुसते हुद्दे दिसत होते. पहिला नियम हुद्द्यांना लागू नसावा. बाईंनी सर्वांचं स्वागत केलं आणि तेवढ्यात बाल्कनीचं दार करकरलं.

"अगं, माझा चष्मा बघितलास का?"

बाईंनी चपळाईनं आपला माईक बंद केला आणि दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "डोक्यावर आहे. जा." यजमान गेले. बाई वळल्या आणि पुढची चाळीस मिनिटं त्यांनी जीव ओतून शिकवलं. घास कसा चावायचा ते चावून दाखवलं. अन्ननलिका स्वतःच्या गळ्यावर बोटानं काढली, जठर पोटावर दाखवलं, आतड्यांसाठी ओढणीची वेटोळी करून धरली. दर दोन मिनिटांनी अडतीस माना डोलल्या. असा रंगलेला तास बाईंना आठवत नव्हता.

शेवटी साहेबांनी लिहिलं, "अत्यंत शिस्तबद्ध वर्ग. अभिनंदन." दोन्ही हुद्दे नाहीसे झाले. बाईंचा जीव भांड्यात पडला. आणि मग त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. माईकच्या चित्रावर तांबडी रेघ होती.

त्यांनी माईक चालू केला. "मुलांनो, मगाशी मी शिकवलेलं ऐकू आलं ना?"

अडतीस माना डोलल्या.

बाईंनी दोन वेण्यांच्या मुलीला हाक मारली. खोटं बोलणं तिला जमायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. "तू माईक चालू कर. खरं सांग."

"नाही आलं, बाई. काहीच नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"चौदा आणि सतरा, बाई."

"आणि मान कशाला डोलवत होतीस?"

"नऊ." मग बाईंची समजूत काढावी तशी म्हणाली, "शाळेतसुद्धा असंच असतं ना, बाई. कळलं नाही तरी मान हलवायची."

बाईंना हे फार लागलं. त्यांनी तास संपवला आणि लगेच मुख्याध्यापकांना फोन लावून घडलं ते सांगून टाकलं. खोटं पद त्यांना नको होतं, निदान फोन करताना तरी.

"सर, माझा आवाज बंद होता. पूर्ण वेळ."

"असं?" मुख्याध्यापक म्हणाले. "मी जरा दुसऱ्या कामात होतो. पण साहेबांचा अहवाल आत्ताच आलाय. वाचू? 'हावभावांचा उत्तम वापर. आवाज खणखणीत.' आता साहेबांना खोटं ठरवता का, बाई?"

बाईंनी फोन ठेवला. चार दिवसांनी पर्यवेक्षिका म्हणून नेमणुकीचं पत्र आलं आणि त्याबरोबर आदेशही, की सत्तावीस नियम सगळ्या शाळांना पाठवावेत. यजमानांनी पेढ्यांचा विषय काढला. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला. बाईंनी सगळ्यांची हजेरी घेतली आणि मग मुद्दाम, रेघ नीट तांबडी झालेली बघून, माईक बंद केला.

"मी आज तुम्हाला काहीही शिकवणार नाही," त्या बंद माईकसमोर सावकाश म्हणाल्या. "समजलं?"

माना डोलल्या. बाई एकेक चौकोन बघत गेल्या. दोन वेण्यांच्या मुलीची मान मात्र हलली नव्हती. तिचा हात खांद्यापर्यंत वर आला होता. मग तिनं शेजारी चिकटवलेल्या कागदाकडे बघितलं आणि हात हळूच खाली घेतला.

बाईंनी माईक चालू केला. पण आता बोलायचं काय, हे तेवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सुचेना, आणि अडतीस मुलं हाताची घडी घालून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.