थोरल्या मास्तरांचा हात

माझा काका बोलायला लागला की समोरच्याने बूड टेकून घ्यावं, उभ्याने ऐकण्यासारखं ते काम नाही. फक्त शिलाई मशीनवर बसला की तोंडात टाचण्या असायच्या म्हणून गप्प. कापणं माझ्या बाबांचं आणि शिवणं काकाचं, अशी दुकानातली वाटणी होती. बाजारात त्यांना थोरले मास्तर आणि धाकटे मास्तर म्हणत. आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं, सुईत दोरा ओवायला शिकवलं, आणि पुढे लग्न कर म्हणून इतकं टुमणं लावलं की शेवटी स्वतःच कंटाळून नाद सोडला. काका आमच्याच घरी राहिला.

बाबा डावखुरे होते. त्यांची कात्री खास डाव्या हाताची, दुसऱ्या कुणाला ती धड धरताही येत नसे. दुपारी दोघं दुकानातच जेवायचे, आणि जेवणाआधी काकडी, मुळा, गाजर बाबाच चिरायचे. चकत्या इतक्या पातळ की काका त्यातली एखादी डोळ्यासमोर धरून मला म्हणायचा, "बघ, पलीकडचा रस्ता दिसतो." त्यातल्या निम्म्याहून जास्त बाबा त्याच्याच ताटात सरकवायचे. मग एका सकाळी हातात खडू घेऊन बाबा कापायच्या टेबलावर ओणवे झाले, ते सरळ झालेच नाहीत. हृदय बंद पडलं होतं.

वर्ष उलटल्यावर काकाचा डावा हात हलायला लागला. मी दुकानात बटणं लावत बसले होते. काका उजव्या हाताने कॉलर उलटवत होता, आणि मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताचा अंगठा आणि बोटं एका लयीत उघडत होती, मिटत होती. कात्री चालते तशी. काका त्या हाताकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. मी मात्र घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो.

"काका, हात कशाला हलवतोस?"

"मी कुठे हलवतोय," तो हळूच म्हणाला. "दादा कापतोय."

आईला सांगितलं, तर ती भांडी घासता घासता थांबली आणि पुन्हा घासायला लागली. काका मात्र हाताची वाट बघायला लागला. हात हलायला लागला की तो दुकानाचं दार लोटून घ्यायचा, समोर कापड पसरायचा आणि विचारायचा, "दादा, बाही किती खोल घेऊ?" हातही थोड्या वेळाने थांबायचा, विचार करत असल्यासारखा. खरं सांगते, दिवसाउजेडी, दारात रिक्षा उभ्या असताना, मला त्या टेबलाकडे पाठ करून बसवेना. त्याच सुमारास काकाची टीप वाकडी पडू लागली. पायाला मुंग्या येतात म्हणाला, बसून बसून येत असतील. असतील म्हणून मीही सोडून दिलं.

मग एक दिवस त्याने त्या हातात बाबांची कात्री दिली. समोर एका नवरदेवाच्या कोटाचं कापड होतं. हाताने ते पाठीतून तिरकं फाडत नेलं. काका हसत होता. तेवढ्यात झटके कोपरापर्यंत चढले, खांद्यापर्यंत गेले, तोंड एका बाजूला वाकडं झालं आणि तो स्टुलावरून खाली कोसळला. त्याच्या मुठीतून ती कात्री सोडवताना माझा तळवा कापला.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला आणि पायाचं ऐकून पाठीचाही. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. डोक्यात काळे गोल होते, मसुराएवढे, आणि प्रत्येकात एक पांढरा ठिपका. "या अळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "ठिपका म्हणजे तिचं डोकं. ही उजव्या बाजूची आहे ना, डावा हात जिथून हलतो तिथेच बसली आहे. आणि ही मणक्यातली. पाय हिच्यामुळे बधिर होतोय."

"पण मी मांस खात नाही हो," काका म्हणाला, जणू चुकीच्या माणसाला तपासल्याबद्दल डॉक्टरीणबाई आता माफी मागणार होत्या.

"तुम्ही खायची गरज नाही. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाऊन कुणाच्या तरी पोटात लांब, फितीसारखा जंत वाढतो. त्याला पत्ताही नसतो. त्याचे हात नीट धुतले गेले नाहीत, की जंताची अंडी कच्च्या खाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथे त्यांच्या अळ्या होतात आणि डोक्यात जातात. वर्षानुवर्षं गप्प बसतात, आणि मरायला लागल्या की असे झटके येतात."

झटक्यांच्या गोळीने हात शांत झाला. सूज आवरायची गोळी सुरू झाली. डोळ्यात अळी असली तर औषधाने नजर जाऊ शकते, म्हणून आधी डोळे तपासले. ते साफ निघाले. आता अळ्या मारायचं औषध सुरू करायचं, तर काका खाटेवर उठून बसला आणि नको म्हणाला.

"डोक्यातलं राहू द्या. पायातलं तेवढं मारा."

"औषध पत्ता विचारून जात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि थांबलात तर तो पाय जाईल. पुढचा झटका तुम्हाला उठू देईल याचीही खात्री नाही."

"हात आत्ताच हलायचा थांबलाय," काका माझ्याकडे बघून म्हणाला. "अजून काय काढून घेणार?"

मला इतका संताप आला की मी बाहेर निघाले होते. तेवढ्यात बाईंनी विचारलं, घरात कुणाच्या पोटात असा जंत होता का, कारण सगळ्यांनाच तपासावं लागेल. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

"ह्यांच्या होता," ती म्हणाली. "पांढरे चपटे तुकडे पडायचे. मला एकदाच सांगितलं, ते पण हसत. पोटात भाडेकरू ठेवलाय म्हणाले. डॉक्टरकडे जा म्हटलं तर लाजले. मग मीही मूग गिळून बसले."

काकाने आईकडे बघितलं. मला वाटलं आता हा भडकणार. पण त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे खरंच दादाचं आहे," तो म्हणाला. "मी म्हणत होतो ना? त्याच्याच हातचं आहे. मग मी ते का मारू, वहिनी?"

"कारण तुम्ही गेलात तर ते ह्यांच्या हातून होईल," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आयुष्यभर तुम्हाला भरवलं त्यांनी. माझ्या नवऱ्याला तुमचा जीव घ्यायला लावू नका, भाऊजी."

काकाने तळवा पुढे केला. उजवा. बाईंनी त्यावर गोळी ठेवली.

पुढचे काही दिवस वाईट गेले. अळ्या मरताना मेंदू सुजतो, हे बाईंनी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि डोकं दोन्ही हातांनी दाबून विव्हळणारा माणूस बघणं वेगळं. एका दुपारी चादरीवरचा डावा हात पुन्हा उघडमीट करायला लागला. मी नर्सला हाक मारली. काकाने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं आणि हात थांबेपर्यंत एकदाही तिकडे पाहिलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

आई आणि मी तपासात साफ निघालो. काकाच्या पायात हळूहळू जोर आला आणि तो पुन्हा मशीनवर बसायला लागला. काही महिन्यांनी फोटो काढला, तेव्हा बाईंना बरं वाटलं. मणक्यातली गेली होती, डोक्यातल्याही विरघळल्या होत्या. डाव्या हाताच्या जागेवरची एक मात्र वाळून खडा झाली होती. "ती आता मेलेली आहे, पण जागा सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "कायमची राहील. झटक्यांची गोळी मात्र आम्ही सांगेपर्यंत सोडायची नाही."

घरी आई दारातच उभी होती. काय म्हणाल्या, तिने विचारलं.

"सगळे भाडेकरू गेले," काका चपला काढत म्हणाला. "एक राहिलाय. काही करत नाही तो."

इतक्या वर्षांत कधी न केलेली गोष्ट आईने केली. जवळ येऊन दिराच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कुठल्या बाजूला?"

काकाने तिचा हात धरून उजव्या कानाच्या वर नेला, आणि तिथे तो राहू दिला.